दोन दिवस लागतील

दुकानात टीव्ही घेऊन आलेल्या माणसाला मी पस्तीस वर्षं एकच उत्तर देत आलो : दोन दिवस लागतील. फ्यूज उडालेला असो, नाही तर पिक्चर ट्यूब गेलेली असो. फ्यूजचं काम पाच मिनिटांचं. पण ते पाच मिनिटांत करून दिलं की गिऱ्हाइकाला वाटतं, ह्यात काय मोठं? मग पैसे काढताना त्याचा हात खिशातच अडकतो. दोन दिवसांचं सांगून त्याच संध्याकाळी दिलं, की तोच माणूस गावभर सांगत फिरतो, काय हात हाय पोराचा! ही विद्या मला गुलबर्ग्याच्या उस्तादांनी दिली. ती त्यांच्याच घराण्याची, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

मग एकदा 'स्टार ट्रेक'चा तिसरा चित्रपट बघायला मिळाला, १९८४चा. एंटरप्राइज यानाचा मुख्य इंजिनियर स्कॉटी. कप्तान कर्क त्याला विचारतो की दुरुस्तीचा वेळ तू नेहमी चौपट करून सांगतोस काय. स्कॉटी शांतपणे कबूल करतो; तसं केलं नाही तर त्याच्या हाताला जादू आहे असं कोण म्हणणार? मी एकटाच बघत होतो, तरी मोठ्यानं हसलो. उस्ताद तोवर वारले होते, नाही तर तसाच गुलबर्ग्याची बस धरून सांगायला गेलो असतो. पुढच्या मालिकेत, १९९२च्या एका भागात, म्हातारा झालेला स्कॉटी परत येतो आणि नव्या यानावरच्या तरुण इंजिनियरला झापतो, की कप्तानाला खरा वेळ सांगितलासच कसा! तो भाग मी किती वेळा बघितला असेल त्याचा हिशेब नाही.

भालकीसारख्या गावात राहून हे अवकाशाचं इंग्रजी खूळ तुला कुठून लागलं, असं पाहुणे विचारतात. विचारतात म्हणजे थट्टाच करतात. पण ह्याची सुरुवात स्कॉटीच्या दहा वर्षं आधीची आहे, आणि ती कोंबड्यांच्या जाळीपासून झाली.

आमचं मूळ गाव आळंद तालुक्यात. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि शिव्या तिन्ही भाषांत. १९७५ साली मी आठ वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात शाळेपुढं एक जीप येऊन थांबली आणि त्यातून उतरलेल्या लोकांनी पटांगणात दहा फूट रुंदीची एक परात उभी केली. परात म्हणजे पत्र्याची नव्हे. खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी सांगाड्यावर ताणून बसवलेली. माय म्हणाली, "एवढी मोठी कोंबडी कुठून आणणार हाईत?" परातीचं तोंड पश्चिमेला, आभाळात तिरपं. शाळेच्या एका खोलीत लाकडी पेटीत टीव्ही बसवला आणि किल्ली मास्तरांकडं दिली.

ह्या प्रयोगाचं नाव 'साइट'. 'नासा'चा एटीएस-६ नावाचा उपग्रह भारताला एका वर्षासाठी वापरायला मिळाला होता. अमेरिकेच्या बाजूला होता, तो सरकवत सरकवत पूर्व आफ्रिकेच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर आणून उभा केला. त्याला तीस फुटांची छत्री होती, अवकाशात गेल्यावर उघडलेली. सहा राज्यांतली २,४०० खेडी निवडली होती आणि कर्नाटकातले जिल्हे होते गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर. आज हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. बंगळूरला दूरदर्शन केंद्र सुरू झालं १९८१ साली. आमच्या खेड्यात, जिथं एसटी दिवसातून दोनदा यायची, तिथं टीव्ही त्याच्या सहा वर्षं आधी आला, आणि तोही थेट उपग्रहावरून. त्या वेळी पुण्यामुंबईच्या घरांतसुद्धा जे नव्हतं ते आमच्या शाळेच्या पटांगणात होतं.

कार्यक्रम कन्नडमधून असायचे. शेतीचे, आरोग्याचे, सकाळी शाळेसाठीचे. मोठ्यांना संध्याकाळी दाखवायचे. आमची आज्जी उमरग्याकडची. लग्न होऊन आली तरी कन्नड तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती पहिल्या रांगेत बसायची आणि मला मांडीशी ओढून विचारायची, "काय म्हणायलाय रे त्यो?" मी सांगायचो. अर्धं समजून, अर्धं मनाचं. एकदा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम होता. मी म्हणालो, "आज्जी, लेकरं कमी असावीत म्हणायलेत." आठ लेकरांची ती माय. म्हणाली, "त्याला म्हणावं, लई उशीर केलास यायला." सगळी रांग हसली. ज्यांना कन्नडच येत होतं त्यांनाही हसू आलं, कारण माझ्या भाषांतराकडं त्यांचाही कान असायचा.

३१ जुलै १९७६ला सगळं बंद झालं. मास्तर म्हणाले, "यान परत गेलं." एवढंच. मी कितीतरी रात्री पश्चिमेला बघत अंगणात बसायचो. उपग्रह असा डोळ्यांना दिसत नसतो हे कुणी सांगितलं नव्हतं. वाटायचं, जाताना तरी एकदा दिसेल. टीव्हीची खोली कुलूपबंद झाली. पुढं १९७७ साली गुलबर्ग्याला दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र आलं आणि साधी अँटेना लावून चित्र दिसायला लागलं, तेव्हा परातीची गरजच उरली नाही. दोन-तीन वर्षांनी वादळात ती कलंडली. कुणीतरी जाळी सोडवून नेली आणि तिचं खरोखर कोंबड्यांचं खुराडं केलं. मायची शंका पाच वर्षांनी का होईना, फिटली.

खूप वर्षांनी दोन गोष्टी वाचनात आल्या. ह्या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ चिटणीस, कोल्हापूरचे मराठी माणूस. आणि आर्थर सी. क्लार्क, ज्यांनी १९४५ सालीच अशा स्थिर उपग्रहांची कल्पना लेखातून मांडली होती, त्यांच्या कोलंबोतल्या घरावर 'इस्रो'च्या लोकांनी हीच जाळीची परात बसवून दिली होती. म्हणजे जगातला एवढा मोठा विज्ञानकथाकार कोलंबोत बसून जे कार्यक्रम बघत होता, तेच आळंद तालुक्यात आमची आज्जी बघत होती. त्यांनाही कन्नड येत नसणार. भाषांतराला त्यांच्या मांडीशी कोण होतं कोण जाणे.

दहावीनंतर गुलबर्ग्याला आयटीआय केलं आणि सुपर मार्केटच्या मागच्या गल्लीत उस्तादांच्या दुकानात शिकायला लागलो. हे १९८५च्या सुमाराचं. दुकान रविवारी बंद, पण मागची खोली उघडी असायची. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. अमेरिकेत १९६६ ते १९६९ दाखवून झालेली मालिका, एकूण ७९ भाग, आमच्याकडं वीस वर्षांनी पोचत होती. उस्तादांना मालिकेशी काही घेणं नव्हतं. त्यांना आठवडाभरात दुरुस्त केलेले संच तासभर चालवून बघायचे असायचे, आणि त्या वेळी चालू कार्यक्रम तोच.

त्यामुळं मी 'स्टार ट्रेक' पहिल्यांदा बघितलं ते एका संचावर नव्हे, सात-आठ संचांवर एकदम. एकावर चित्र वर वर सरकायचं, व्हर्टिकल होल्ड गेलेला. एकावर दोन्ही बाजूंनी चिरडलेलं. एकावर फक्त आवाज. एकावर काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. मिस्टर स्पॉक आठ ठिकाणी आठ दुखणी घेऊन उभा, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची भुवई मात्र तेवढीच वर चढलेली. टोकदार कान बघून उस्ताद त्याला "कानवाले साहब" म्हणायचे. एकदा बराच वेळ बघून म्हणाले, "मियाँ, इत्ता बड़ा जहाज और मिस्तरी एकीच! बाकी सब साहब लोगां." मालिकेवर ह्यापेक्षा नेमकी टीका मी अजून वाचलेली नाही.

आमचे संच सगळे काळेपांढरे. 'स्टार ट्रेक'चा एक विनोद जगभर प्रसिद्ध आहे : कप्तानाबरोबर नव्या ग्रहावर उतरणाऱ्या टोळीत जो लाल सदरा घालून असेल तो मरतो. पिवळ्या आणि निळ्या सदऱ्यांची मोठी माणसं परत येतात. मला हे माहीतच नव्हतं. आमच्याकडं सगळेच सदरे करडे. कोण मरेल ह्याचा काही अंदाज बांधता यायचा नाही, आणि त्यामुळं प्रत्येक वेळी खरंच धाकधूक व्हायची. रंगीत भाग पहिल्यांदा बघितले तेव्हा विनोद कळला आणि थोडं वाईटही वाटलं. आणि गंमत अशी, की लाल सदरा यंत्रखोलीतल्या लोकांचाही. म्हणजे स्कॉटीचाही. मिस्तरी लोक मरणाऱ्यांच्या रंगात!

मालिका कशी केली होती हे पुढं जसजसं वाचत गेलो तसतसा माझा जीव तिच्यावर जास्त जडला. आपोआप सरकणारी दारं मागं उभी असलेली माणसं ओढायची. डॉक्टर मॅकॉयच्या हातातली शस्त्रक्रियेची काही हत्यारं म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाण्या. माणसाला विरघळवून दुसरीकडं उभं करणारं यंत्र, ज्यावर पुढं शास्त्रज्ञांनी लेख लिहिले, ते सुचलं कारण दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते. एंटरप्राइजची अकरा फुटी प्रतिकृती एका बाजूनंच सजवलेली होती. दुसऱ्या बाजूनं वायरी आत जायच्या, म्हणून चित्रीकरण बहुतेक उजव्या अंगानंच. आमच्या दुकानातला प्रत्येक संच असाच असतो. पुढून चकचकीत, मागचं झाकण काढलं की सेलोटेप, तांब्याच्या तारा आणि कुणीतरी आधी करून ठेवलेला गोंधळ. ज्यांना ही दुसरी बाजू कळल्यावर मालिकेची मजा गेली असं वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी काही दुरुस्त केलेलं नसावं.

१९८९ साली भालकीत बायकोच्या माहेराजवळ दुकान टाकलं. डायनोरा, क्राउन, अपट्रॉन, सॉलिडेअर असे संच यायचे. कशाचाच नकाशा मिळायचा नाही, सुटे भाग हैदराबादहून कोठीच्या गुजराती गल्लीतून आणायचे. चित्रपट बघायला व्हिडिओ सेंटर होतं. तिथं 'स्टार ट्रेक'चा १९७९चा पहिला चित्रपट मिळाला, आणि त्यात डोक्याचा चकोट केलेली बाई म्हणजे मुंबईची पर्सिस खंबाटा. १९६५ची मिस इंडिया. त्या भूमिकेसाठी तिनं खरंच केस उतरवले होते. सेंटरवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तिरुपतीला गेली असंल."

जुन्या मालिकेतला सगळ्यात गाजलेला खलनायकही आपल्याकडचा, निदान कागदावर. खान नूनियन सिंग. १९६७च्या भागात त्याची ओळख उत्तर भारतातला शीख अशी करून देतात आणि भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबाननं. बीदरला नानक झिऱ्याच्या दर्शनाला आलेला एक सरदारजी ट्रकचा टेप दुरुस्त करून घ्यायला माझ्याकडं थांबला होता, तेव्हा ही कॅसेट चालू होती. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, हा शीख आहे. त्यानं पडद्यावरच्या मोकळ्या केसांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "खान भी, सिंग भी? और पगडी?" मला उत्तर सुचलं नाही. तीन रुपये कमी घेतले.

१९९३ साली मी केबल सुरू केली. गच्चीवर परत एक परात आली, ह्या वेळी बारा फुटी आणि स्वतःची, कर्ज काढून घेतलेली. ती बसवायच्या दिवशी जाळीला हात लावला तेव्हा शाळेचं पटांगण आठवलं. एशियासॅटवरून स्टारच्या वाहिन्या यायच्या. स्टार प्लस तेव्हा पूर्ण इंग्रजी होती. तिथं नवी मालिका भेटली, १९८७ साली अमेरिकेत सुरू झालेली, नवं यान, नवा कप्तान पिकार्ड. सात वर्षं, १७८ भाग. गिऱ्हाइकांना हवे असायचे हिंदी सिनेमे. रस्त्यात गाठून म्हणायचे, "ओ केबलवाले, त्या टकल्याला काढा की!" मी म्हणायचो, डिशमध्ये बिघाड आहे, दोन दिवस लागतील. तेवढ्यात भाग संपायचा.

त्या टकल्याच्या मालिकेतल्या एका भागाबद्दल जरा सविस्तर सांगतो. १९९१चा, नाव 'डार्मोक'. 'स्टार ट्रेक'मध्ये एक भाषांतरयंत्र असतं. कोणत्याही ग्रहावर जा, समोरचा बोलतो ते आपल्या भाषेत ऐकू येतं. बाकीच्या विज्ञानाचं मला काही वाटायचं नाही, पण ह्या एका यंत्रावर माझा विश्वास बसायचा नाही, कारण ते काम मी आठव्या वर्षी केलेलं होतं आणि ते कसं होतं हे मला ठाऊक होतं. तर ह्या भागात यंत्र हरतं. समोरच्या लोकांचे शब्द नीट कळतात, अर्थ मात्र काही कळत नाही. कारण ते लोक सरळ काही बोलतच नाहीत. त्यांच्या पुराणातल्या माणसांची आणि जागांची नावं घेतात, बस. ती गोष्ट ज्याला माहीत त्यालाच अर्थ. शेवटी त्यांचा कप्तान पिकार्डला घेऊन एका ओसाड ग्रहावर उतरतो, दोघं एकाच संकटाला सामोरे जातात आणि तिथं कुठं पिकार्डला त्यांची बोली उमजायला लागते. तोवर समोरचा कप्तान जखमी होऊन मरायला टेकलेला असतो.

मी तो भाग बघून दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. आपण काय वेगळं बोलतो? "अमक्यानं ध चा मा केला" म्हणालो की मराठी माणसाला पेशव्यांचा शनिवारवाडा डोळ्यापुढं येतो. माझ्या शेजारच्या किराणावाल्या अण्णांना, जे उत्तम मराठी बोलतात, त्यांना शब्द सगळे कळतात आणि अर्थ शून्य. एका अक्षराचं दुसरं केलं, मग काय झालं? "त्याचं पानिपत झालं" म्हणा, ते म्हणतील, म्हणजे तो हरियाणाला गेला? आणि "द्राविडी प्राणायाम" तर आमच्याकडं कन्नड माणसापुढं उच्चारायचीच सोय नाही. उलट तेच अण्णा एकदा उधारी मागायला आलेल्या एका माणसाबद्दल म्हणाले, "ऊरिगे बंदवळु नीरिगे बारदे इरताळेनु?" गावात आलेली बाई पाण्याला आल्याशिवाय राहील काय. मला कन्नड येतं, शाळाच कन्नड. तरी त्यात उधारी कुठून आली हे समजायला मला दोन दिवस लागले, आणि हे दोन दिवस खरे. मग तो माणूस खरंच परत आला, विहिरीवर यावं तसा.

त्या दिवसापासून अण्णांचा आणि माझा एक खेळ सुरू झाला. त्यांनी एक म्हण सांगायची, मी एक सांगायची, आणि मागची गोष्टही सांगायची. अजून चालू आहे. आमचं सगळं भाषांतर अजून झालेलं नाही.

पुढची मालिका १९९३ साली सुरू झाली, 'डीप स्पेस नाइन'. ती मला बऱ्याच उशिरा, हैदराबादहून आणलेल्या सीड्यांवर बघायला मिळाली. बरेच चाहते म्हणतात ती 'स्टार ट्रेक'च नव्हे, कारण तीत यान कुठं जात नाही. एक स्थानक आहे, सरहद्दीवर, आणि सगळे त्याच्याकडं येतात. माझ्या मते सगळ्यांत उत्तम हीच. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाला कुठं जायची गरज नसते.

हे स्थानक बांधलं कार्डॅसियन लोकांनी, शेजारचा बजोर ग्रह ताब्यात होता तेव्हा, तिथल्याच लोकांना राबवून. मग ते गेले. स्वातंत्र्य आलं. पण स्थानक तेच, भिंती त्याच, यंत्रं त्यांचीच. आता त्यात स्वतंत्र माणसं बसून कारभार करतात. आमच्या आबांची आठवण आल्याशिवाय मला ही मालिका बघताच आली नाही. आबा निजाम राजवटीत जन्मले. रझाकारांच्या दिवसांत सोलापूरच्या बाजूच्या छावण्यांना निरोप पोचवायचे. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९५६ला आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आणि म्हातारपणी हाच माणूस शेताच्या वाटणीसाठी तहसील कचेरीत उभा असायचा, हातात उर्दूतले जुने कागद, समोर कन्नड बोलणारा कारकून, तोंडात मराठी. मालिकेत कीरा नावाची बाई आहे. जन्मभर लढली आणि आता तिला कचेरीत बसून कागदांवर सह्या कराव्या लागतात. तिची चिडचिड बघून मी मनात म्हणायचो, आबा, तुमची बहीण सापडली.

आणि तिथला ओब्रायन! हा तर अधिकारीसुद्धा नाही, निव्वळ मिस्तरी. कार्डॅसियनांची यंत्रं, त्यांचं नकाशापुस्तक नाही, आपली हत्यारं त्यात बसत नाहीत, रोज काहीतरी बंद पडतं आणि सगळे वरून विचारतात, अजून किती वेळ? उस्तादांनी हे बघायला पाहिजे होतं. इथं शेवटी मिस्तरीला माणसात घेतलं.

सरहद्द म्हटलं की लोकांना वाद आठवतो. त्यावर मी फार बोलत नाही, दोन्हीकडचे पाहुणे घरात आहेत. फक्त एक नोंद करून ठेवतो. 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग अमेरिकेत दाखवला ८ सप्टेंबर १९६६ला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला ऑक्टोबर १९६६मध्ये. दोन्ही प्रकरणं अजून चालू आहेत.

बाकीच्या मालिकांचं थोडक्यात. 'व्हॉयेजर'मध्ये घरापासून पंचाहत्तर वर्षांच्या अंतरावर फेकलेलं यान आहे. कल्पना सोन्यासारखी, आणि तरी दर आठवड्याला यान धुतल्यासारखं स्वच्छ! सुटे भाग कुठून मिळतात हा माझा प्रश्न सात वर्षं तसाच राहिला. 'एंटरप्राइज'चं सुरुवातीचं गाणं मी आवाज बंद करून बघितलं. 'डिस्कव्हरी'त सगळे रडतात फार. 'पिकार्ड' २०२०ला आली. पहिल्या दोन वर्षांत मी तीनदा झोपलो, तिसऱ्या वर्षी जुनी मंडळी एकत्र आली आणि मी झोपलो नाही. मालिका म्हातारी झाली की तिचे चाहते खवट होतात, मीही त्यातलाच.

आपल्याकडं हिंदीत १९९८ला 'कॅप्टन व्योम' आलं होतं. माझा मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा. बीदरच्या हवाईदलाच्या तळावर त्याच्या दोनच वर्षं आधी 'सूर्यकिरण' पथक उभं राहिलं होतं. किरण विमानं रांगेत डोक्यावरून गेली की पोरगं गच्चीवर धावायचं आणि व्योम, व्योम ओरडायचं. मराठीत मात्र पडद्यावर असं फारसं काही आलं नाही, पुस्तकात आलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' ह्या नावानं 'कृष्णविवर' पाठवली आणि बक्षीस मिळवलं. जगातला नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ खोट्या नावानं रांगेत उभा राहतो, ही गोष्टच मला विज्ञानकथेपेक्षा भारी वाटते. भालकीच्या वाचनालयात त्यांचं 'यक्षांची देणगी' होतं. माझ्याकडून ते परत जायला जरा जास्तच दिवस लागले.

केबल २००८ला विकली. घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, मग त्याही गेल्या. टीव्ही आता दुरुस्त करत नाहीत, बदलतात. मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीला आला की मोबाईलवर कन्नडात बोलून मराठीत वाचायचं ते ॲप दाखवतो. मागच्या दिवाळीला अण्णांनी त्यात पाण्याला येणाऱ्या बाईची म्हण बोलून बघितली. शब्द सगळे बरोबर आले. अण्णा माझ्याकडं बघून नुसते हसले आणि मुलाला मागची गोष्ट सांगायला बसले.

आता एक काम वाचकांकडं. गुलबर्गा, विजापूर किंवा रायचूरकडच्या कुठल्या खेड्यात, शाळेच्या अडगळीत किंवा कुणाच्या माळ्यावर, १९७५चा तो 'साइट'चा लाकडी पेटीतला संच पडून असेल तर मोडीत घालू नका. भालकीला आणा. पैसे घेणार नाही. दोन दिवस लागतील.